पहिला घाणा गावात, पंगत ब्रॉडवेवर

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात एका वर्षी मुलांचं नाटक बसवायची जबाबदारी माझ्यावर आली होती. महिनाभर तालमी झाल्या. मुख्य काम एका गोड, समजूतदार मुलीला दिलं होतं. पाठांतर चोख, आवाज गोड, वागणं नम्र. पण प्रयोगाला चार दिवस उरले आणि माझ्या लक्षात आलं, की काहीतरी जमत नाहीये. भूमिका होती एका खट्याळ, कुणाला न जुमानणाऱ्या पोरीची आणि आमची ही गुणी मुलगी ती भूमिका करतानासुद्धा गुणीच दिसत होती! मागे घोळक्यात उभी राहणारी दुसरी एक पोर होती. गुडघे फुटलेले, वेणी सुटलेली. ती नुसती उभी राहिली तरी सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे जायचं.

मी बदल केला. नाटक रंगलं, टाळ्या पडल्या. पण त्या रात्री पहिली मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काकू, माझं काय चुकलं?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिच्या आईने मात्र पुढे कितीतरी महिने माझ्याशी अबोला धरला. संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही ती आली नाही.

ही गोष्ट मी विसरूनही गेले असते. पण पुढे अमेरिकेतल्या एका लहानशा गावातल्या नाट्यगृहाची हकीकत वाचनात आली आणि तिथे १९७६ साली जवळजवळ हाच प्रसंग घडलेला दिसला. फरक एवढाच, की आमच्या नाटकाला सोसायटीतली शे-दीडशे माणसं होती आणि त्या नाटकाच्या नशिबात ब्रॉडवेचे २,३७७ प्रयोग होते!

नदीकाठचं नाट्यगृह

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात, कनेटिकट नदीच्या काठावर ईस्ट हॅडम नावाचं गाव आहे. वस्ती नऊ-एक हजारांची. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. न्यूयॉर्कहून मोटारीने निघालं तर अडीच-तीन तासांत पोहोचावं. या गावात नदीला लागून एक उंच, पांढरी, लाकडी इमारत उभी आहे. तिचं नाव गुडस्पीड ऑपेरा हाऊस.

विल्यम गुडस्पीड नावाच्या धनिक व्यापाऱ्याने १८७६ मध्ये ती बांधायला घेतली आणि १८७७ मध्ये तिथला पडदा पहिल्यांदा वर गेला. गृहस्थ मोठा हौशी आणि तितकाच हिशेबीही असावा. कारण खाली दुकान, आगबोटीच्या उतारूंची सोय आणि वरच्या मजल्यांवर नाटकशाळा, असा सगळा मामला एकाच छपराखाली होता. पुढे त्याच्या पश्चात नाटकं बंद पडली. रस्ते खात्याने इमारतीत सामानसुमान ठेवायला सुरुवात केली. शेवटी ती पाडून टाकण्याच्या गोष्टी सुरू झाल्या तेव्हा गावची माणसं जागी झाली. त्यांनी संस्था स्थापन केली, पैसा उभा केला, इमारत दुरुस्त केली आणि १९६३ मध्ये पडदा पुन्हा वर गेला.

या नाट्यगृहात खुर्च्या किती असतील? फक्त ३९८! दादरच्या शिवाजी मंदिरात याहून कितीतरी जास्त माणसं बसतात. पण या ३९८ खुर्च्यांपुढे जी संगीत नाटकं पहिल्यांदा उभी राहिली, त्यांतली काही पुढे जगभर गेली. १९६५ मध्ये डॉन किहोटेच्या कथेवरचं 'मॅन ऑफ ला मांचा' इथे झालं आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कला गेलं. १९७४ मध्ये 'शेनँडोआ' झालं आणि १९७५ च्या जानेवारीत ब्रॉडवेला पोहोचलं. आणि १९७६ च्या ऑगस्टमध्ये आलं 'अॅनी'.

आपलं उलट, त्यांचं उलट

ब्रॉडवे म्हणजे न्यूयॉर्कमधला एक मोठा रस्ता. पण नाटकवाल्यांच्या भाषेत ब्रॉडवे म्हणजे त्या रस्त्याच्या आजूबाजूची चाळीसेक मोठी नाट्यगृहं. तिथे नाटक लागलं म्हणजे कळस झाला, असं नाटकवाले समजतात.

आपल्याकडे नाटक बहुधा मुंबई-पुण्याला उभं राहतं आणि मग सांगली, कोल्हापूर, नागपूर असा दौरा काढतं. तिकडच्या संगीत नाटकांचं पुष्कळदा उलट असतं. आधी बाहेरगावी, आणि तिथे टिकलं तर न्यूयॉर्कला! याचं कारण अगदी घरगुती आहे. दिवाळीच्या चकल्या करताना आपण पहिला घाणा काय पाहुण्यांना वाढतो? मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी झालं तर कडक होते. म्हणून पहिल्या दोन चकल्या घरच्याच कुणाच्या तरी हातावर ठेवायच्या आणि विचारायचं, "बघ गं, कशी झालीय?" बाहेरगावचा प्रयोग म्हणजे असा पहिला घाणा.

पूर्वी या कामासाठी न्यू हेवन, बोस्टन, फिलाडेल्फिया ही शहरं ठरलेली होती. न्यू हेवनही कनेटिकटातच. तिथल्या शुबर्ट नाट्यगृहात १९४३ च्या मार्चमध्ये एक नवं संगीत नाटक लागलं. नाव निराळंच होतं. तिथून ते बोस्टनला गेलं, तेवढ्या दिवसांत त्यात कापाकापी झाली, एका गाण्याला समूहगानाचं रूप आलं, आणि त्याच गाण्यावरून नाटकाचं नावही बदललं. न्यूयॉर्कला महिनाअखेर जे लागलं ते 'ओक्लाहोमा!' त्याचे २,२१२ प्रयोग झाले. त्यातली नृत्यं बसवली होती अॅग्नेस डी मिल या बाईने.

दुसरी गोष्ट तर आपल्या ओळखीची निघेल. पु. ल. देशपांड्यांची 'ती फुलराणी' १९७५ मध्ये रंगभूमीवर आली आणि भक्ती बर्वेंनी ती अजरामर केली. त्या नाटकाचं मूळ बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन'. त्याच मुळातून अमेरिकेत 'माय फेअर लेडी' हे संगीत नाटक निघालं. त्याचाही पहिला प्रयोग न्यू हेवनलाच झाला, १९५६ च्या फेब्रुवारीत. बाहेर बर्फाचं वादळ, आणि आत नायक रेक्स हॅरिसन म्हणतोय, मी रंगमंचावर जाणार नाही! मोठा नावाजलेला नट, पण वाद्यवृंदाबरोबर गाण्याची धास्तीच घेतलेली. अखेर समजूत पटली आणि पडदा वर गेला. नाटक रंगलं खरं, पण लांबलं. मग कात्री लागली. दोन गाणी आणि एक नृत्य काढून टाकण्यात आलं. गाणी वाईट नव्हती हं! त्यांतलं एक तर पुढे 'जीजी' या चित्रपटात वापरलं गेलं. पण नाटकात ती जड होत होती. चांगल्या साडीचा काठसुद्धा लांबीला जास्त झाला तर दुमडावा लागतो, तसंच हे.

पुढे पुढे सगळा संच, नेपथ्य, वाद्यवृंद घेऊन गावोगाव हिंडणं फार महाग पडू लागलं. मग ठिकठिकाणच्या स्थानिक नाट्यसंस्थांनी ही जागा घेतली. सिअॅटल शहरातल्या फिफ्थ अॅव्हेन्यू थिएटरमध्ये २००२ मध्ये 'हेअरस्प्रे' झालं. त्याची नायिका चक्क एक गुबगुबीत मुलगी, नाचाची हौस असलेली! कॅलिफोर्नियात ला होया प्लेहाऊस ही संस्था आहे. तिथे २००४ मध्ये 'जर्सी बॉइज' झालं. न्यू जर्सीत पेपर मिल प्लेहाऊसमध्ये २०११ मध्ये 'न्यूझीज' झालं. ही सगळी पुढे ब्रॉडवेला गेली. त्यामुळे आता अशा एखाद्या संस्थेने पुढच्या हंगामाची यादी जाहीर केली आणि तिच्यात दोन-तीन नवी संगीत नाटकं दिसली, की लगेच कुजबुज सुरू होते : यातलं कुठलं जाणार?

बाकीच्या मुली आणि एक 'अॅनी'

'अॅनी'ची गोष्ट मुळात वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेतली. हॅरल्ड ग्रे या चित्रकाराने १९२४ मध्ये ती सुरू केली होती. मार्टिन चार्निन याला तिच्यावरून नाटक करावंसं वाटलं. टॉमस मीहानने संहिता लिहिली, चार्ल्स स्ट्राउसने चाली दिल्या, गीतं आणि दिग्दर्शन चार्निनचं. १९३३ सालचा मंदीचा काळ, अनाथाश्रमातली अकरा वर्षांची मुलगी, तिला छळणारी व्यवस्थापिका मिस हॅनिगन, आणि तिला जवळ करणारा एक कोट्यधीश. गोष्ट सांगायला गेलं तर एवढीच. पण वर्षानुवर्षं निर्माते मिळेनात. लहान मुलं, कुत्रा आणि चित्रमालिका! कोण पैसे घालणार? शेवटी गुडस्पीडचे प्रमुख मायकेल प्राइस यांनी नाटक घेतलं आणि १९७६ च्या उन्हाळी हंगामात ते उभं राहिलं.

अॅनीचं काम क्रिस्टन व्हिगार्ड या मुलीकडे होतं. प्रयोग सुरू झाले आणि आठवड्याभरात मंडळींच्या ध्यानात आलं, की ही मुलगी फार गोड आहे. आणि गोडच आहे! अनाथाश्रमात टक्केटोणपे खाल्लेली पोर ती वाटत नाही. अनाथ मुलींच्या घोळक्यात एक अगदी दांडगट मुलगी होती. तिचं काम करत होती अँड्रिया मॅकआर्डल. वय वर्षं बारा. आवाज खणखणीत. तिला पुढे आणलं आणि क्रिस्टनला बाजूला केलं.

वाचताना माझा हात थांबला. आमच्या गणपतीतली ती मुलगी डोळ्यांपुढे आली.

इथे एक गोष्ट मात्र सांगायला हवी. क्रिस्टनला त्यांनी घरी पाठवून दिलं नाही. ब्रॉडवेच्या संचात तिला अँड्रियाच्या बदली कलावंताची जागा दिली. म्हणजे ती आजारी पडली तर ही उभी राहणार. हे काम वाटतं तेवढं सोपं नसतं. दररोज तयार राहायचं, आणि बहुतेक दिवस विंगेतच काढायचे. त्या वयाच्या मुलीला ते किती जड गेलं असेल, हे तिचं तीच जाणे. पण दार लावून घेतलं नव्हतं, एवढं खरं. पुढे ती दूरदर्शन मालिकांत आणि गाण्यात रमली.

बदल तेवढ्यावरच थांबले नाहीत. मिस हॅनिगनची भूमिकाही गुडस्पीडनंतर बदलली आणि तिथे डॉरथी लाउडन आली. माइक निकल्स या मोठ्या दिग्दर्शकाने ईस्ट हॅडमला येऊन नाटक पाहिलं होतं, त्याने निर्माता व्हायचं कबूल केलं. आधी वॉशिंग्टन, आणि मग २१ एप्रिल १९७७ रोजी ब्रॉडवे. त्या वर्षी नाटकाला सात टोनी पारितोषिकं मिळाली. गंमत बघा, उत्कृष्ट अभिनेत्रीच्या पारितोषिकासाठी छोट्या अँड्रियाचंही नाव होतं आणि डॉरथीबाईंचंही. मिळालं ते डॉरथीबाईंना! म्हणजे छळणाऱ्या बाईने अनाथ पोरीला तिथेही हरवलं. १९८३ च्या जानेवारीत नाटक थांबेपर्यंत अॅनीच्या लाल झग्यात कितीतरी मुली येऊन गेल्या. त्यांतलीच एक सारा जेसिका पार्कर, पुढे दूरदर्शनवर खूप गाजलेली.

सात डॉलरचा कुत्रा

नाटकात अॅनीला रस्त्यावर एक भटका कुत्रा भेटतो, सँडी. आता कुत्रा आणायचा कुठून? शिकवलेला कुत्रा भाड्याने आणायला छोट्या संस्थेकडे पैसे नव्हते. तिथे विल्यम बर्लोनी नावाचा एक तरुण मुलगा उमेदवारी करत होता. त्याला नट व्हायचं होतं. त्याला सांगण्यात आलं, कुत्रा शोध आणि शिकव.

तो प्राण्यांच्या आसरा-केंद्रांत हिंडला. एके ठिकाणी कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, कुणीतरी मारझोड केलेला एक भुरा कुत्रा त्याला दिसला. दुसऱ्या दिवशी त्याला इंजेक्शन देऊन संपवायचं ठरलं होतं. किंमत सात डॉलर. तेवढे भरून त्याने कुत्रा आणला. ब्रॉडवेवर सँडीचं काम त्याच कुत्र्याने केलं, वर्षानुवर्षं. आणि त्या मुलाला जन्माचा धंदा मिळाला. आसरा-केंद्रातून आणलेल्या प्राण्यांना नाटकासाठी शिकवायचं काम त्याने पुढे आयुष्यभर केलं आणि त्यासाठी २०११ मध्ये टोनी पारितोषिक समितीने त्याचा खास गौरव केला.

मोठ्या, श्रीमंत कंपनीत हे झालं असतं का? तिथे शिकवलेला कुत्रा आला असता आणि त्याच्याबरोबर त्याचा पगारी शिक्षक. पैसे नव्हते म्हणून एक उमेदवार मुलगा शोधायला निघाला, आणि एक जीव वाचला.

खर्चाचं गणित

नाटकवेड्या घरातली बाई विचारील तोच प्रश्न मलाही पडला. या सगळ्याला पैसा कोण घालतो?

अशा बहुतेक संस्था ना नफा ना तोटा या तत्त्वावर चालतात. हंगामाच्या आधी त्या पुढच्या नाटकांची यादी छापतात आणि लोक संपूर्ण हंगामाची वर्गणी आगाऊ भरतात. आपण उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरून ठेवतो, तशी ही बेगमी. या आगाऊ पैशांवर संस्था तालमी, कपडे, नेपथ्य सुरू करते. पण तिकिटांच्या आणि वर्गणीच्या पैशांत सगळा खर्च भागत नाही, म्हणून देणग्या लागतात. नवं संगीत नाटक तर फारच खर्चिक. वादक, गायक, नर्तक, आणि रोज बदलणारी पानं!

इथे ब्रॉडवेचे निर्माते पुढे येतात. ते म्हणतात, तुमच्या हंगामात आमचं नाटक घ्या, नेहमीच्या खर्चावरचा जादा खर्च आम्ही देतो. पुढे नाटक चाललं तर संस्थेला उत्पन्नातला थोडा हिस्सा मिळावा, असाही करार करतात. हा हिस्सा कधी कधी घर तारतो. न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटर या संस्थेने उभं केलेलं 'अ कोरस लाइन' १९७५ मध्ये ब्रॉडवेला गेलं, त्याचे ६,१३७ प्रयोग झाले आणि त्याच्या पैशांवर त्या संस्थेची कितीतरी वर्षं निघाली.

पण बायांनो, माहेरून आलेला पैसा आणि सावकाराकडून आलेला पैसा, दोन्ही रुपयेच असले तरी सारखे नसतात. निर्मात्याचा पैसा घेतला, की त्याचा शब्दही घ्यावा लागतो. मग कुठलं नाटक घ्यायचं हे संस्था ठरवणार, की ज्याची थैली मोठी तो ठरवणार? गावच्या वर्गणीदारांनी ज्या नाट्यगृहाला जगवलं, ते कुणा दुसऱ्याचं तालीमघर होऊन बसायचं, ही भीती तिकडच्या जाणत्या माणसांना नेहमीच वाटत आली आहे. आणि ती खोटी नाही. कारण जे गाजतं त्याचं नाव होतं. पण पडतं, त्याची झळ मागे राहिलेल्या संस्थेला आणि कलावंतांना.

पडलेली नाटकंही सांगायला हवीत

नाटक ब्रॉडवेला गेलं म्हणजे सोनं झालं, असंही नाही. तिथल्या बहुतेक नाटकांत घातलेला पैसा परत येत नाही.

'अॅनी'च्याच मंडळींनी पुढचा भाग लिहिला. तीच लेखकमंडळी, तोच दिग्दर्शक, त्याच डॉरथीबाई. वॉशिंग्टनला भलामोठा थाटमाट करून १९९० च्या जानेवारीत तो रंगमंचावर आला आणि महिना पुरा व्हायच्या आत बंद पडला. ब्रॉडवेचं तोंडही पाहिलं नाही. पहिल्या वेळी ३९८ खुर्च्यांपुढे चुका सुधारायला मिळाल्या होत्या. या वेळी एकदम मोठ्या पंगतीत पान मांडलं होतं. मग ही मंडळी कुठे गेली असतील? पुन्हा गुडस्पीडकडेच! या संस्थेने नव्या नाटकांसाठी जवळच्या चेस्टर गावात १९८४ मध्ये एक छोटं थिएटर सुरू केलं होतं, गायिका-अभिनेत्री नॉर्मा टेरिस यांच्या नावाचं. तिथे त्याच वर्षी ते नाटक पुन्हा तपासलं गेलं. बरंचसं नव्याने लिहून, नवं नाव घेऊन ते १९९३ मध्ये न्यूयॉर्कला आलं, पण ब्रॉडवेवर नाही, तिथल्या एका लहान नाट्यगृहात. माहेर कशाला असतं, ते अशा वेळी कळतं.

दुसरं उदाहरण 'अमेझिंग ग्रेस'चं. लेखक-संगीतकार क्रिस्टोफर स्मिथ पूर्वी पोलिसात नोकरीला होता. नाटकाचा त्याला काही अनुभव नव्हता. गुलामांचा व्यापार करणाऱ्या आणि पुढे पश्चात्ताप झालेल्या जॉन न्यूटनच्या आयुष्यावर त्याने संगीत नाटक लिहिलं. चेस्टरच्या त्याच छोट्या थिएटरात ते २०१२ मध्ये झालं. तिथून शिकागो आणि २०१५ मध्ये ब्रॉडवे. पण तिथे काही महिन्यांतच ते उतरलं.

हे अपयश म्हणायचं का? हिशेबवहीत म्हणावंच लागेल. पण पोलिसातल्या एका माणसाने लिहिलेलं पहिलंवहिलं नाटक कुणीतरी वाचलं, त्याला वादक दिले, नट दिले, प्रेक्षक दिले. ते दार एका लहान गावात उघडं होतं.

नवरा-बायकोचं नाटक

शेवटची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कवर हल्ला झाला आणि अमेरिकेने आपलं आकाश बंद केलं. त्या दिवशी ३८ मोठी विमानं कॅनडातल्या गँडर नावाच्या गावी उतरवण्यात आली. गावची वस्ती सुमारे दहा हजारांची, आणि अचानक आलेले पाहुणे सात हजारांच्या घरात! गावच्या बायकांनी चुली पेटत्या ठेवल्या. शाळा, देवळं, सभागृहं उघडली. आइस हॉकीचं बर्फाचं मैदान अन्न ठेवायला शीतघर म्हणून वापरलं. विमानांच्या पोटात अडकलेल्या कुत्र्या-मांजरांना गावातल्या प्राणी-केंद्राच्या बाईने आत शिरून खायला घातलं.

यावर संगीत नाटक करावं ही कल्पना मायकेल रुबिनॉफ या कॅनडियन गृहस्थाची. काही लेखकांनी नाही म्हटलं. आयरीन सँकॉफ आणि डेव्हिड हाइन या जोडप्याने मात्र हो म्हटलं. नवरा-बायको दोघं २०११ मध्ये, त्या घटनेला दहा वर्षं झाली तेव्हा, गँडरला गेले. लोकांच्या घरी राहिले, त्यांच्या गोष्टी ऐकल्या. आधी टोरांटोजवळच्या शेरिडन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये नाटकाचा काही भाग केला. २०१३ च्या सुरुवातीला ते गुडस्पीडच्या नव्या नाटकांच्या उत्सवात तपासायला गेलं. त्यानंतर २०१५ मध्ये ला होया आणि सिअॅटल, २०१६ मध्ये वॉशिंग्टन आणि टोरांटो. मोजा बरं किती घाणे झाले! मार्च २०१७ मध्ये 'कम फ्रॉम अवे' ब्रॉडवेला लागलं आणि २०२२ पर्यंत चाललं. १,६६९ प्रयोग.

आणि ब्रॉडवेला जाण्यापूर्वी, २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये, या मंडळींनी खुद्द गँडरला जाऊन नाटक करून दाखवलं. ज्यांच्या आयुष्यावर नाटक, तेच समोर बसलेले! ब्रॉडवेच्या समीक्षकांपेक्षा त्या रात्री नटांच्या पोटात जास्त गोळा आला असेल, असं मला वाटतं.

म्हणून वाटतं, लहान गावातल्या या नाट्यगृहांना ब्रॉडवेची पायरी म्हणणं थोडं अन्यायाचं आहे. पायरीवर पाय ठेवून माणूस पुढे जातो आणि तिला विसरतो. 'अॅनी' ब्रॉडवेला गेली, तरी ईस्ट हॅडमचे वर्गणीदार दुसऱ्या वर्षी पुन्हा आपल्या खुर्चीत येऊन बसले. पुढचं नाटक कसं निघेल याची कुणालाच खात्री नसताना. अर्धकच्चं नाटक आपुलकीने पाहायचं आणि कुठे मीठ कमी पडलं ते प्रामाणिकपणे सांगायचं, हे त्यांचं काम. 'अॅनी' घडली ती त्यांच्यासमोर.

आपल्या मंडळासाठी पाच गोष्टी

महिला मंडळाचं, शाळेचं किंवा गणपतीचं नाटक बसवणाऱ्या मैत्रिणींसाठी, या सगळ्या वाचनातून मी वहीत टिपून ठेवलेलं :

१. रंगीत तालीम रिकाम्या खुर्च्यांपुढे करू नका. दहा-बारा माणसं बोलवा, त्यांत निम्मी अनोळखी. घरचे कौतुकच करतात.

२. प्रेक्षक कुठे हसले हे लिहाच, पण कुठे चुळबुळले, पदर सावरू लागले, घड्याळं बघू लागले, हे आधी लिहा. तिथे कात्री लागते.

३. गाणं सुंदर आहे म्हणून ठेवू नका. नाटक पुढे नेत असेल तर ठेवा. काढलेलं गाणं फेकू नका, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.

४. देणगी देणाऱ्याचं नाव पाटीवर जरूर लिहा. पण त्याच्या भाचीला नायिका करण्याचं वचन देऊ नका.

५. कुणाचं काम बदलावं लागलं, तर ते तुम्ही स्वतः, एकांतात, त्याच दिवशी सांगा. आणि सांगताना दुसरं काहीतरी खरं काम हातात द्या. "पुढच्या वर्षी बघू" म्हणू नका. मुलांना ते कळतं.

यातली पाचवी गोष्ट मला फार उशिरा कळली. मध्यंतरी एका लग्नात ती आमची गुणी मुलगी भेटली. आता तिचीच मुलगी शाळेच्या नाटकात काम करते. मी तिला बाजूला घेतलं आणि इतक्या वर्षांनी सांगितलं, "अगं, तेव्हा तुझं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती. मी तुला काम चुकीचं दिलं होतं, आणि काढून घेतानाही नीट सांगितलं नाही."

ती हसली. म्हणाली, "काकू, माझं तेव्हाच मिटलं होतं. पण हे एकदा आईला सांगाल का?"

पुढच्या हळदीकुंकवाला मी स्वतः त्यांच्याकडे जाणार आहे.